हवेचा सातबारा

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत घराचं खरेदीखत, शेताचा सातबारा, विम्याच्या पावत्या आणि त्यांच्यामध्ये दबलेली एक पातळ पुस्तिका होती. आत आखलेल्या चौकटी. एकेका वर्षाला एकेक तिकीट चिकटवलेलं, त्यावर पोस्टाचा गोल शिक्का, काही ठिकाणी शाई पसरलेली. हे रेडिओचं लायसन. वर्षाचे १५ रुपये पोस्टात जाऊन भरायचे आणि तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. माजघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली एरियलची तांब्याची जाळी, तिच्याखाली कोनाड्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला रेडिओ, आणि त्या जाळीत अडकणाऱ्या लहरींचा हा सरकारी खंड. जमिनीचा सातबारा आणि हवेचं लायसन एकाच पेटीत ठेवणाऱ्या माणसाला यात काही विपरीत वाटत नव्हतं. जमीन सरकारदरबारी नोंदवलेली असते, तशी हवाही असणार.

आज डिजिटल रेडिओच्या परवान्यांची चर्चा चालते तेव्हा मला ती पुस्तिका आठवते. कारण या देशात लहरींचं तंत्र चार वेळा बदललं, पण सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव फारसं हललं नाही. कुळं बदलत गेली, एवढंच.

मूळ नोंद १८८५ची. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्याच्या चौथ्या कलमानं तारयंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे ठेवला. दुसऱ्या कुणाला ते करायचं असेल तर सरकार मेहेरबान होऊन परवाना देईल, फी घेईल. गंमत अशी, की हा कायदा झाला तेव्हा हाइनरिश हर्ट्झनं प्रयोगशाळेत रेडिओलहरी दाखवून द्यायला अजून दोन-तीन वर्षं अवकाश होता. म्हणजे पीक यायच्या आधीच शेताची मोजणी होऊन गेली होती. पुढे ‘तार’ या शब्दाची व्याख्या ताणून बिनतारी संदेशही त्यात कोंबला गेला, आणि नंतरचं जवळजवळ सगळं राज्य त्याच कलमावर चाललं.

मुंबईत रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी १९२३मध्येच प्रसारण सुरू केलं होतं. पण धंदा म्हणून पहिली उडी घेतली ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं. अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला. २३ जुलै १९२७ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्‌घाटन झालं, महिन्याभरानं कलकत्त्याचं. प्रक्षेपक दीड किलोवॉटचा. मुंबई आणि आसपासचा थोडा मुलूख सोडला तर पुढे खरखरच.

उत्पन्नाची व्यवस्था कागदावर नेटकी होती. रेडिओ ठेवणाऱ्यानं वर्षाला १० रुपये भरायचे, त्यातले आठ कंपनीला. शिवाय परदेशातून येणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे किमतीच्या दहा टक्के. पण १९२९ संपताना देशभरात परवाने किती? आठ हजारांच्या आत. आठ हजार धरले तरी वर्षाचे ६४ हजार रुपये होतात, आणि त्यात दोन शहरांतली केंद्रं, गवई, वादक, इंजिनियर, वीज हे सगळं भागवायचं. यंत्र महाग होतं, त्या काळच्या कारकुनाला ते स्वप्नातही परवडत नव्हतं. ज्यांना परवडत होतं त्यांतले कित्येक लायसन न काढताच ऐकत होते, कारण नुसतं ऐकणाऱ्याला पकडायचं कसं, याचं उत्तर कायद्यात नीट नव्हतं. ऐकणारे थोडे म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून कार्यक्रम बेताचे, कार्यक्रम बेताचे म्हणून ऐकणारे वाढत नाहीत. १ मार्च १९३०ला कंपनीनं दिवाळं काढलं. ही साखळी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऐंशी वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

सरकारनं १ एप्रिलपासून केंद्रं हाती घेतली आणि दीड वर्षात तीही बंद करायची घोषणा केली. ऑक्टोबर १९३१मध्ये जाहीर केलेलं हे बंद नोव्हेंबरमध्ये मागे घ्यावं लागलं. ऐकणारे, आणि त्याहून जास्त यंत्रांचे व्यापारी, ओरडले. पैसा उभा करायला यंत्रांवरची जकात चढवली. मग आला १९३३चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायदा: परवान्याशिवाय यंत्र नुसतं बाळगणं हाच गुन्हा. १९३४ सालापासून तो लागू झाला आणि त्या वर्षाअखेर परवाने सोळा हजारांवर गेले. बीबीसीची साम्राज्यसेवा तेवढ्यातच सुरू झाली होती, त्याचाही हात होताच. पण लायसनची सवय लोकांना लागली ती या कायद्यानं. आजोबांच्या पुस्तिकेचा उगम तिथला.

सातबाऱ्यावर नोंद न करता हवा कसण्याचं धाडसही झालं, आणि तेही मुंबईतच. ऑगस्ट १९४२मध्ये नेते तुरुंगात गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण. प्रक्षेपक एका जागी ठेवला तर शोध लागणार, म्हणून तो सामानासारखा या इमारतीतून त्या इमारतीत हलवायचा. चितगाव, जमशेदपूर, अष्टी-चिमूर इथल्या ज्या बातम्या वर्तमानपत्रांना छापता येत नव्हत्या त्या हवेतून जायच्या. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत धाड पडली, आणि ती एका माहीतगार तंत्रज्ञाच्या फितुरीनं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. अडीच महिन्यांचं ते केंद्र. आपल्याकडे नभोवाणीचा इतिहास लिहिताना ते देशभक्तीच्या प्रकरणात टाकतात. मला ते परवान्याच्या प्रकरणातही हवं. लहरीवर पहारा ठेवण्याची सत्ता म्हणजे काय, हे त्या अडीच महिन्यांत जितकं उघडं पडलं तितकं क्वचितच पडलं असेल.

स्वातंत्र्यानंतर तो पहारा उठेल असं वाटलं असेल कुणाला, तर तसं झालं नाही. कायदा तोच राहिला, किल्ल्या नव्या हातात गेल्या. १९५२ ते १९६२ माहिती व प्रसारण मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं आणि लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. लघुलहरींना समुद्र आडवा येत नाही, की दिल्लीचा परवाना लागत नाही. ऑक्टोबर १९५७मध्ये विविधभारती सुरू करून सरकारनं आपली चूक न बोलता दुरुस्त केली. परवाना मोडून नव्हे, त्याला वळसा घालून ऐकणाऱ्यांनी सरकारला नमवलं, असा हा आमच्याकडचा दुर्मीळ प्रसंग. ऐकणाऱ्यांचं लायसन मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत टिकलं आणि मग कुणाच्या फारसं लक्षात न येता गेलं. ट्रान्झिस्टर इतके झाले होते की वसुलीचाच खर्च डोईजड व्हावा.

यानंतरचं वळण क्रिकेटनं आणलं. नोव्हेंबर १९९३, हीरो कप. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं सामने दाखवण्याचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शन आणि मंत्रालय म्हणालं, परवान्याशिवाय या भूमीवरून चित्र उपग्रहाकडे जाणार नाही, आधार तोच १८८५चा कायदा. कोर्टकचेऱ्या सामने सुरू असतानाच चालल्या. २४ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या आणि चेंडू दिला गेला सचिन तेंडुलकरकडे. त्यानं तीनच दिल्या, हे प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. त्याच स्पर्धेचा खटला सर्वोच्च न्यायालयात सव्वा वर्ष चालला, हे फार थोड्यांना.

निकाल ९ फेब्रुवारी १९९५ला लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. मुख्य निकालपत्र सावंतांचं, ते मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या मर्यादित आहेत म्हणून त्यांचं नियमन हवं, पण ते सरकारच्या मर्जीनं नव्हे, लोकांच्या हितासाठी, आणि त्यासाठी सरकारपासून स्वतंत्र असं सार्वजनिक प्राधिकरण केंद्रानं ताबडतोब नेमावं. हवेच्या सातबाऱ्यावर पहिल्यांदाच ‘जनता’ हे नाव चढलं. वाद टीव्हीचा होता, पण खासगी रेडिओचं दार त्यानंच किलकिलं केलं. तोवर मुंबई-दिल्लीत आकाशवाणीच्याच एफएमवर खासगी कंपन्यांना तासाच्या हिशेबानं वेळ विकली जात होती. जमीन सरकारची, बटाईनं कसायची, असा प्रकार.

निकालातला पहिला भाग सरकारनं आनंदानं उचलला: लहरी मर्यादित आहेत, म्हणजे त्यांना किंमत आहे. स्वतंत्र प्राधिकरणाचा भाग मात्र बाजूला राहिला. दूरसंचार नियामक ट्राय सल्ला देतो, परवाना मंत्रालय देतं, लहर दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते. आजही रेडिओ केंद्र उभारणाऱ्याला मंत्रालयाशी ‘ग्रँट ऑफ परमिशन’चा करार करावा लागतो, मनोऱ्याच्या जागेला आणि उंचीला वेगळी मंजुरी लागते, मग लहर मिळते, मग चालवण्याचा परवाना. तलाठी, सर्कल, प्रांत हे ज्यांनी केलंय त्यांना हा रस्ता परका वाटू नये.

२००० साली लिलाव झाला. ४० शहरांतल्या १०८ लहरी. बोली उघड, आणि ती भडकली. मुंबईची लहर वर्षाला ९ कोटी ७५ लाखांवर गेली आणि त्यात अट अशी की ही फी दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, मुदत दहा वर्षं. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दहाव्या वर्षीची फी ३४ कोटींवर जाते. उत्पन्न होवो न होवो. एकूण बोली सव्वाचारशे कोटींची. तिजोरीला हर्ष, बोली जिंकणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी घाम. बहुतेकांनी पाय मागे घेतला आणि उरली ती एकवीस केंद्रं. ३ जुलै २००१ला बंगळुरूत रेडिओ सिटी सुरू झालं, पुढच्या वर्षी मुंबईत पाच केंद्रं वाजू लागली. त्यातलं ‘विन ९४.६’ लवकरच बंद पडलं. टॅक्सींमध्ये आणि शिंप्यांच्या दुकानांत ती केंद्रं दिवसभर चालत, तरीही त्यांच्या मालकांचं गणित जमत नव्हतं. ऐकणारे होते, जाहिराती होत्या, पण खंडच पिकापेक्षा मोठा होता.

अमित मित्रा समिती नेमली गेली, ट्रायनं सल्ला दिला आणि २००५च्या दुसऱ्या टप्प्यात रीत बदलली: एकदाच प्रवेशशुल्क, मग दर वर्षी उत्पन्नाच्या चार टक्के. जिथं खंड ठोक होता तिथं वाटा आला. परिणाम लगेच दिसला. दोनशेच्या वर केंद्रं उभी राहिली, कोल्हापुरात ‘पुढारी’चं टोमॅटो एफएम आलं, छोट्या शहरांना आपला म्हणावा असा आवाज मिळाला. मुंबईच्या खासगी लहरींवर मराठी गाणं मात्र पाहुण्यासारखंच राहिलं. मराठीसाठी आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीकडे जावं लागे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच टप्प्यात सुटली नाही: बातमी. खासगी केंद्राला स्वतःची बातमी द्यायची परवानगी नाही. २०११च्या धोरणानं आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवायची मुभा दिली, तेवढीच. शंभर टीव्ही वाहिन्यांना रात्रभर भांडायला मोकळीक आणि रेडिओला स्वतःची बातमी द्यायलाही मनाई, याचं समर्थन मी अजून ऐकलेलं नाही. समुदाय केंद्रांचंही तेच. म्हसवडचं माणदेशी तरंग ९०.४वर शेळ्यांचे आजार, बचत गट, ओव्या-गाणी ऐकवतं. असं समुदाय केंद्र १०० वॉटच्या मर्यादेत आणि ३० मीटरच्या मनोऱ्यावर चालतं, म्हणजे आसपासची गावं. तालुक्यातली भांडणं, टँकरचं राजकारण हे सगळं पारावर मोठ्यानं बोललं जातं, लहरीवर नाही.

आता टंचाईबद्दल. सगळा लिलाव एकाच गृहीतावर उभा आहे: लहरी थोड्या आहेत. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झ. दोन केंद्रांत ८०० किलोहर्ट्झ अंतर ठेवायचं असा नियम. भागाकार केला की एका शहरात पंचवीस जागा. त्यातून आकाशवाणीच्या राखीव जागा वजा करा, समुदाय केंद्रांच्या वजा करा, उरतात त्या लिलावाला. हे अंतर ४०० करता येईल असं ट्रायनं सुचवलं होतं. बांध अरुंद केला असता तर तेवढ्याच वावरात दुप्पट वाफे बसले असते. पण २०१५चे तिसऱ्या टप्प्याचे लिलाव ८००च्या हिशेबानंच झाले. दिल्ली-मुंबईत एकेक लहर शंभर कोटींच्या पुढे गेली. बांध रुंद ठेवण्यात तिजोरीचा फायदा आणि आत असलेल्यांचाही. बाहेरच्यांची बाजू मांडायला तिथं कुणी नव्हतं.

डिजिटल रेडिओ नेमका याच टंचाईला हात घालतो. एका लहरीवर नेहमीचं एफएम चालू ठेवून तिच्याच शेजारी तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी बसू शकते. आकाशवाणीनं यात उडी आधीच घेतली होती. डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मॉन्डियाल, हे तंत्र निवडून जानेवारी २००९मध्ये दिल्लीजवळच्या खामपूरहून लघुलहरींवर प्रसारण सुरू झालं. मग मध्यमलहरींचे पस्तीसेक प्रक्षेपक डिजिटल झाले. राजकोटचा तर हजार किलोवॉटचा. पुण्याचा ७९२ किलोहर्ट्झवरचा जुना आवाजही त्यात आला. त्यात वीज कमी लागते, आवाज एफएमसारखा स्वच्छ, पडद्यावर मजकूर, पूर-वादळाच्या वेळी यंत्र आपोआप जागं करण्याची सोय. अभियंत्यांनी काम चोख केलं होतं.

ऐकायचं कशावर, हे मात्र कुणी विचारलं नाही. डीआरएमचा संच हजारोंच्या घरात, बाजारात चार-पाचशेला मिळणारा ट्रान्झिस्टर हे प्रसारण पकडू शकत नाही, मोबाइलमध्ये त्याची सोय नाही. १९२७ची साखळी तशीच्या तशी परतली: ऐकणारे नाहीत म्हणून संच बनत नाहीत, संच नाहीत म्हणून कार्यक्रम बनत नाहीत. फरक एवढाच, की मुंबईची कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि या वेळी खर्च करदात्यांचा असल्यानं कुणीच बुडालं नाही. नॉर्वेनं २०१७मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम टप्प्याटप्प्यानं बंद करून सगळ्यांना डिजिटलवर नेलं, तेव्हाही लोक कुरकुरले. पण तिथं संच आधी घराघरात पोचले होते आणि तारीख आधीपासून ठरलेली होती. आपल्याकडे प्रक्षेपक आधी आले, धोरण नंतर.

खासगी केंद्रांसाठी ट्रायनं २०१८मध्ये पहिल्या शिफारशी केल्या. वर्षानुवर्षं त्या फायलीत राहिल्या. ३ ऑक्टोबर २०२५ला दुसऱ्या आल्या: सुरुवात १३ शहरांत, त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. देशभर एकच तंत्र ठरवावं, एफएम आणि डिजिटल एकत्र चालावं, मुदत पंधरा वर्षं, लहरींचा लिलाव. मुंबईची राखीव किंमत १९४ कोटींच्या घरात. दरम्यान १८८५चा तार कायदा आणि १९३३चा वायरलेस कायदा यांची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला. एकशे अडतीस वर्षांचे फेरफार एका नव्या वहीत उतरले. मालकाचा रकाना जुन्या वहीतून तसाच उतरवला गेला. सावंतांनी मागितलेलं स्वतंत्र प्राधिकरण या वहीतही नाही.

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला टॅक्सीनं येत होतो. गाडी नवी, पडद्यावर एएम, एफएम आणि डीआरएम अशी तीन चौकोनी बटणं शेजारी शेजारी. अशा लाखो गाड्या आता रस्त्यावर आहेत. संच शेवटी आले ते असे, कुणी न मागता, डॅशबोर्डमधून. घाटात एफएम खरखरू लागलं तसं मी ड्रायव्हरला विचारलं, ‘‘दादा, ते तिसरं बटण कधी दाबलंय का हो?’’

‘‘ते होय? कंपनीकडनंच येतं तसं,’’ तो म्हणाला. ‘‘काय आहे त्यात?’’

मी सांगायला सुरुवात केली. तोवर बोगदा आला आणि त्यानं फोन जोडून गाणी लावली.